लाकडावरच्या खपलीबुरशीची ओळख

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. ओंडक्याच्या खालच्या अंगाला पसरलेल्या त्या पांढुरक्या थराचे नाव केवळ छायाचित्रावरून मी सांगणार नाही, कारण लाकडाला सपाट चिकटलेला असा थर, म्हणजेच खपलीबुरशी, असंख्य जातींत दिसतो, आणि ज्यांचे परस्परांशी जवळचे नाते नाही अशा अनेक कुळांनी हा आकार स्वतंत्रपणे घेतला आहे, हे डीएनएच्या अभ्यासातून स्पष्ट झालेले आहे.

बुरशीआधी लाकूड पाहावे. झाड सूचिपर्णी की रुंद पानांचे, हे नोंदवलेस तर निम्मे काम होते. मग कूज पाहा: लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) पचवणाऱ्या बुरशीमुळे लाकूड फिकट व तंतुमय होते, सेल्युलोज (लाकडाचे तंतू बनवणारा घटक) खाऊन लिग्निन मागे ठेवणाऱ्या बुरशीमुळे ते तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत तडकते. खपलीबुरशींपैकी बहुतेक पहिल्या प्रकारच्या असल्याने तपकिरी कूज दिसली की कोनिओफोरा या प्रजातीसारखी मोजकीच नावे उरतात. अर्थात एका ओंडक्यात अनेक बुरशी नांदतात, तेव्हा ती कूज वरच्या खपलीचीच असेल असे गृहीत धरू नये.

थर ताजा असतानाच नखाने ओरखडा. स्टेरियम या खपलीबुरशीच्या प्रजातीतले स्टेरियम सँग्विनोलेंटम लगेच लाल होते आणि ते सूचिपर्णी लाकडावर असते. ओकवरचे स्टेरियम गॉसापॅटमही तसेच लालावते, पण स्टेरियम हिर्सुटम लालावत नाही. म्हणजे झाड ठाऊक नसेल तर या खुणेचा उपयोग अर्धाच. तपकिरी थरावर दहापटीच्या भिंगातून बारीक काळपट काटे दिसले, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने तो काळा पडला, तर हायमेनोकीटी या दुसऱ्या प्रजातीचा संशय घ्यावा. (हे द्रावण त्वचेला भाजते, जपून वापर.) रंगावर मात्र माझा फारसा विश्वास नाही, ओल, वय आणि ऊन यांनी तो सहज बदलतो.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे. बीजाणूंचा (बुरशीच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांचा) आकार व मापे, बीजाणुधारक पेशींमधून डोकावणाऱ्या वंध्य पेशी, आणि बुरशीच्या तंतूंच्या सांध्यांवरच्या आकड्यासारख्या जोडण्या हे पाहिल्याशिवाय पांढऱ्या थरांतील बहुतेक जाती वेगळ्या काढता येत नाहीत. आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात स्टेरियमचे बीजाणू निळसर होतात, ही खूण मला विशेष भरवशाची वाटते. बीजाणू हवे असतील तर ताजा तुकडा, बीजाणू धरणारी बाजू खाली करून, रात्रभर काचपट्टीवर ठेव.

त्या थराचा तुकडा लाकडासकट कापून, मंद उष्णतेवर वाळवून, कागदी पाकिटात पाठव. पाकिटावर झाड, कूज आणि ओरखड्याचा परिणाम लिही. वाळलेल्या नमुन्यावरून मला यांतले शेवटचे तर खात्रीने कळणार नाही.

तुझा स्नेही,
माधव