सोक्चोला निघण्याआधी

चि. मनवा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. "बाबा, समुद्र मला शिकवू नका," म्हणालीस आणि फोन ठेवलास. शिकवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

आधी बसचं. सोक्चो कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर असलं तरी तिथे रेल्वे नाही. सेऊलमधल्या गंगनामजवळच्या एक्स्प्रेस टर्मिनलवरून बसलीस तर अडीच तासांत किनाऱ्यालगतच्या स्थानकावर उतरशील. डोंग सेऊल टर्मिनलवरून गेलीस तर उत्तरेला, बंदराजवळच्या दुसऱ्या स्थानकावर. तिकिटावर नीट बघ, नाहीतर परतीला भलत्याच ठिकाणी उभी राहशील. ऑक्टोबरअखेर सोराक्सान डोंगरावरची पानं लाल होतात, रविवारी दुपारनंतर बसमध्ये जागा मिळत नाही. परतीचं तिकीट आजच काढ. वाटेत ११ किलोमीटरचा बोगदा आहे, तुला बस लागते, पुढे बस. चालायच्या रस्त्यासाठी तिथे नेव्हर या कोरियन ॲपचा नकाशा घे.

आता बंदराच्या बंधाऱ्याचं.

तिथल्या बंदरात शिरताना उजव्या हाताला लाल दीपस्तंभ असतो, डाव्या हाताला पांढरा. आपल्याकडे उलट. फोटो तिथेच काढतात सगळे. दीपस्तंभापर्यंत वरच्या सपाट वाटेने खुशाल जा, पण शेजारच्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पाय ठेवू नकोस. मरीन ड्राइव्हवर आहेत तेच, टेट्रापॉड. लाटेचा जोर फटींमध्ये जिरावा म्हणूनच ते पोकळी ठेवून रचतात, आणि माणूस त्याच पोकळीत जातो. काँक्रीट गुळगुळीत, त्यावर शेवाळ, उतार सगळीकडून आत. खाली पडलेल्याला धरायला काही नसतं आणि लाटांच्या आवाजात हाक वर येत नाही.

आपल्या गुहागरला भरती-ओहोटी पाहून माणूस सावध होतो. कोरियाच्या पूर्व समुद्रात भरती जेमतेम एक वीत, त्यामुळे पाणी कायम एकाच जागी दिसतं आणि भरवसा वाटतो. पण दूरवर वादळ होऊन गेलं की त्याच्या लांब लाटा दिवसभरानं किनाऱ्याला लागतात. वर आकाश निरभ्र, वारा नाही. खोल पाण्यात त्या लाटेचा उंचवटा कळतही नाही, उथळाला लागली की एकदम उभी राहते आणि बंधारा ओलांडते. जायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं लांब उभी राहून बघ. वाट ओली दिसली तर पाणी वर आलेलं आहे, परत फिर.

हे पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर.

सोक्चोतल्या आबाई गावात जरूर जा. कोरियन युद्धात उत्तरेच्या हामग्योंगहून आलेली माणसं परत जाता येईल म्हणून त्या वाळूवर थांबली आणि तिथेच राहिली. खाडीवरची नाव तारेला लोखंडी आकडा लावून लोकच ओढतात. तूही ओढ, पण तार हाताने धरू नकोस. आबाई सुंदे म्हणजे डुकराच्या आतड्यात भात आणि रक्त, तुला चालणार नाही. ओजिंगो सुंदे माखलीची असते, पण विचारून घे, सारणात मांस घालतात. आईने भरलेली माखली तू दादाच्या ताटातून उचलायचीस, आठवतं? सोराक्सानला ७ किंवा ७-१ नंबरची बस.

पोहू नकोस. जुलै-ऑगस्ट सोडून जीवरक्षक नसतात.

मैत्रिणींपैकी कुणी घसरलीच तर मागोमाग उतरायचं नाही. ११९ लाव, समुद्रासाठीही तोच नंबर, दुभाषी जोडून देतात. बंधाऱ्याचं नाव आणि दीपस्तंभाचा रंग सांग, तेवढ्यावरून होडी येते. दोरी बांधलेलं तरंगतं कडं जवळच्या पेटीत असतं.

नानांसारखं होईल असं मी म्हणत नाही. तू त्यांच्यापेक्षा शहाणी आहेस, आणि परक्या भाषेत एकटीने घर लावलंस याचं मी सगळ्यांना सांगतो, तुला सोडून.

सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. बंदराजवळ योंगगुमजोंगला समुद्रात कठडे असलेला पूल आहे, शेवटी मंडप. तिथून बघ. पाणी चढलं असलं तर तोही बंद ठेवतात, मग वाळूवरून. फोटो पाठव, मी तेव्हा जागाच असेन. आपल्याकडे सव्वातीन वाजलेले असतील.

तुझा,
बाबा