चंद्रपूरच्या बर्फाचीही बातमी छापा की

संपादक महोदय,

दर मे महिन्यात आमच्या चंद्रपूरचं नाव 47 डिग्रीसाठी तुमच्या पेपरात येतंच, त्याबद्दल तक्रार नाही, ऊन आहेच तसं. पण याच जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगेकाठच्या चुनखडीवर बर्फाने ओढलेले ओरखडे आहेत, फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने 1875 मध्येच त्याबद्दल लिहून ठेवलंय, आणि हे इथल्या किती लोकांना माहितीये? साधारण 30 कोटी वर्षांपूर्वी इथे बर्फ होता. आपल्या कोळशाच्या खाली जो तालचेर थर लागतो ना, चिखलात लहानमोठे गोटे कसेही कोंबल्यासारखा, तो त्याच काळातला. वाहत्या नदीने जाड-बारीक वेगळं केलं असतं, बर्फ सगळं एकत्रच टाकतो.

शाळेत आपल्याला फक्त एवढंच सांगतात की बर्फ सरकतो आणि खडक घासतो. बर्फाखालच्या पाण्याचं कोणी बोलतच नाही! जमिनीची उष्णता, घर्षण आणि वरचं वजन यामुळे बर्फाचा तळ वितळतो आणि ते पाणी प्रचंड दाबाखाली अडकतं, दुधाच्या पिशवीवर हात दाबला की दूध जिकडे दाब कमी तिकडे पळतं तसंच, म्हणजे जाड बर्फाकडून पातळ बर्फाकडे, मग वाटेत चढ लागला तरी चालतं. म्हणून ते पाणी तळाशी जी दरी कोरतं तिचा तळ खालीवर असतो आणि ती मधेच संपते, साध्या नदीची दरी अशी नसते. पुढे त्यात वाळू-गोटे भरतात आणि त्याचा खडक होतो.

याचा जबरदस्त नमुना कुठे, तर सहारात! सुमारे 44.5 कोटी वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिका दक्षिण ध्रुवाजवळ होती, तेव्हाच्या बर्फाखालच्या दऱ्या अल्जीरिया, लिबियाच्या वाळवंटात आज वाळूच्या खडकाने भरलेल्या सापडतात. लिबियात मुर्झुक भागातलं तेल त्याच काळातल्या वाळूच्या खडकात साठलंय. आणि गंमत म्हणजे बर्फ वितळून समुद्र चढला तेव्हा जो काळा गाळ बसला त्यातूनच ते तेल आलं, म्हणजे तेलही त्याच बर्फामुळे आणि तेलाची टाकीपण.

तर पुढच्या मे मध्ये 47 डिग्रीच्या बातमीशेजारी इरईच्या ओरखड्यांचा एक फोटो छापाल का? फोटोग्राफरला टोपी घालून पाठवा.

– एक वाचक, चंद्रपूर