कोंबडी रोज अंडं देते, मग औषधाचे दिवस पाळायचे कसे?

महोदय,

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा निघाली की कुक्कुटपालकाचं नाव हमखास येतं. मी खटाव तालुक्यात गेली अठरा वर्षं लेअर म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्या पाळतो, शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत. आमच्याकडून चुका होतात हे कबूल करूनच हे पत्र लिहितो आहे. पण अंड्याच्या धंद्यातली एक अडचण या चर्चेत कधीच येत नाही.

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठीचा पक्षी चाळीसेक दिवसांत विकला जातो. औषध द्यावं लागलं तर विक्री थोडी पुढे ढकलता येते. लेअरचं तसं नाही. विसाव्या आठवड्याच्या आसपास ती अंड्यावर आली की पुढे वर्षभराहून जास्त काळ जवळपास रोज अंडं देते. 2012 पासून जनावरांच्या औषधावर ‘शेवटच्या डोसनंतर किती दिवस थांबायचं’, म्हणजे किती दिवस अंडी-दूध-मांस खाण्यासाठी द्यायचं नाही, हे छापणं बंधनकारक आहे. त्या औषधासाठी वेगळी मुदत ठरलेली नसेल तर अंड्यांसाठी किमान सात दिवस. नियम योग्यच आहे. कोंबडीच्या पोटात बलक आठ-दहा दिवस थराथराने भरत असतो, त्यामुळे आज पाण्यातून दिलेलं औषध पुढच्या आठवड्यातल्या अंड्यातही उतरू शकतं.

आता हिशोब मांडतो. नव्वद टक्के उत्पादन धरलं तर माझ्याकडे रोज साडेचार हजार अंडी निघतात. औषधाचे पाच दिवस आणि थांबायचे सात, म्हणजे 54,000 अंडी खड्ड्यात पुरायची. अंड्याला पाच रुपये धरले तर 2 लाख 70 हजार रुपये. खाद्य मात्र एक दिवस चुकवता येत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही आणि व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते. त्या बारा दिवसांतली अंडी मीही गाडीत चढवलेली आहेत. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही.

2019 मध्ये वडिलांना लघवीचा संसर्ग झाला. ताप उतरेना म्हणून डॉक्टरांनी कल्चर केलं, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासलं. रिपोर्टमध्ये एकाखाली एक औषधांची नावं आणि बहुतेकांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. मी शेडमध्ये वापरत होतो ते एन्रोफ्लॉक्सासिन त्याच कुळातलं, आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो. अमेरिकेने 2005 मध्येच एन्रोफ्लॉक्सासिन कोंबड्यांसाठी बंद केलं, हे मला नंतर वाचून कळलं. वडिलांचा जंतू माझ्या शेडमधून आला असं मी म्हणत नाही, ते कुणी सांगूही शकत नाही. सुया बदलत बदलत पंधरा दिवसांनी ते घरी आले. पण ते ‘आर’ डोळ्यांपुढून जात नाहीत.

अंडं नीट उकडलं की त्यातले जंतू मरतात, म्हणून ग्राहक निर्धास्त असतो. पण दाद न देणारा जंतू फक्त अंड्यातून जात नाही. तो पिंजऱ्याखालच्या विष्ठेत असतो, माशांवर असतो, अंडी गोळा करणाऱ्या बाईच्या हाताला लागतो. आमचं कोंबडखत उसाच्या आणि आल्याच्या रानात जातं. ते न कुजवता टाकलं तर जंतूही रानात उतरतात.

2019 च्याच जुलैमध्ये केंद्राने कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंदी केली. अतिदक्षता विभागात बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते हे औषध, आणि आम्ही ते पिल्लांच्या खाद्यात मिसळत होतो! बंदी व्हायलाच हवी होती. पण एक नाव बंद झालं की दुकानदार दुसरी बाटली काढून देतो. पशुवैद्याची चिठ्ठी कायद्याने लागते, पण मला आजवर कुणी मागितलेली नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत हा विषाणूचा आजार, त्यावर प्रतिजैविक चालतच नाही. तरी मर सुरू झाली की पहिल्यांदा तेच पाण्यात पडतं, कारण पशुवैद्य येऊन मेलेला पक्षी फाडून बघेपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर शंभर पक्षी गेलेले असतात.

गेली काही वर्षं मी लसीचं वेळापत्रक चुकवत नाही, पाण्याच्या टाक्या आणि पाइप दर आठवड्याला धुतो, शेडच्या दाराशी चुना टाकतो, परक्या माणसाला आत घेत नाही. औषधाची गरज खूप कमी झाली, पण संपली नाही. ज्या दिवशी ते द्यावंच लागेल त्या दिवसासाठी पशुसंवर्धन विभागाकडे माझी मागणी आहे. पशुवैद्याच्या चिठ्ठीवर औषध दिलं आणि त्या मुदतीतली अंडी पंचांसमोर नष्ट केली, तर निम्मी तरी भरपाई मिळावी. बर्ड फ्लूत पक्षी नष्ट केले तर भरपाई मिळते, मग इथे का नको? आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवसांत होऊ द्या. अंदाजाने बाटली निवडायची वेळ आमच्यावर येऊ नये.

– एक लेअर कुक्कुटपालक, ता. खटाव, जि. सातारा