उरलेले दोघे

सई,

परवा मी फोन मध्येच ठेवला. राग तुझ्यावर नव्हता, पण ते तेव्हा सांगायला सुचलं नाही. फोनवर तू भराभर बोलतेस आणि मी नुसती हं हं करत बसते, म्हणून लिहितेय.

सिकलसेलवर हा जनुक उपचार घ्यायचा की नाही, ते बंड्याने ठरवायचं. तो एकोणीस वर्षांचा आहे, निर्णय त्याचा. त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

तू पाठवलेलं सगळं दोनदा वाचलं. 'आई, चूक दुरुस्त करतात गं', असं तू म्हणालीस. नाही करत. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं ते एक अक्षर, ए च्या जागी आलेला टी, तसंच राहतं. क्रिस्परची, म्हणजे जनुक कापायच्या तुमच्या तंत्राची, कात्री चालते दुसरीकडेच, बीसीएल11ए नावाच्या जनुकावर. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन थांबवायचं काम त्याचं. त्याला आवर घातला की पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकून रक्त अडवत नाहीत. हे वाचलं आणि कागद हातात घेऊन तशीच बसून राहिले. म्हणजे नऊ महिने माझ्याकडे होता तेव्हा बरा होता की तो!

पण चाचणीत 31 पैकी 29. सलग बारा महिने मोठी कळ आली नाही असे 29. उरलेल्या दोघांना तेवढा टप्पा गाठता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं तू म्हणशील. कळतं मला. तरी त्या दोघांनाही आई असेल ना.

तू नऊ वर्षांची असताना एका रात्री त्याची पोटरी धरून बसलो होतो. मी शेकत होते, बाबा येरझाऱ्या घालत होते. तू बॉलपेन आणलंस आणि त्याच्या पायावर बाण काढलास, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. खाली लिहिलंस, 'रक्ता, इकडून जा.' तो कण्हता कण्हता हसला. आठवडाभर त्याने तो बाण धुऊ दिला नाही. 2020 ला क्रिस्परसाठी शार्पेंटिए आणि डाउडना यांना नोबेल मिळालं तेव्हा 'दोघीच, दोघीच!' करत घरभर नाचलीस, तेव्हा मला तो बाणच आठवला होता. तुला कधी बोलले नाही. आता ते काम तुझ्या हातात आहे याचा अभिमान किती वाटतो, तेही नाही.

घाई मात्र करू नका. 1999 मध्ये जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जनुक उपचाराच्या चाचणीत दगावला. माणसाने आधी... जाऊ दे. ती पद्धत वेगळी होती, आजार वेगळा होता, आणि मी तुला तुझंच शास्त्र शिकवायला निघाले. चुकलं माझं.

पण बुसल्फान हे केमोचं औषध देऊन आधी हाडांतली मज्जा रिकामी करणार. मग त्याच्याच पेशी परत रुजेपर्यंत कितीतरी दिवस अंगात प्रतिकारशक्तीच नाही. साधा ताप आला तरी? पुढे मूल न होण्याचा धोका आहे, तो त्याला कुणी नीट समजावला का? तुझ्याकडून ऐकताना तो फक्त 29 ऐकतो. तू सांगतेस म्हणून.

आणखी एक. तू स्वतःची या जनुकाची तपासणी करून घेतलीस, तो रिपोर्ट मी तुझ्या बॅगेत पाहिला होता. तीन वर्षं झाली. बाबांकडचं एक आणि माझ्याकडचं एक बिघडलेलं जनुक, दोन्ही एकत्र यायची शक्यता चारात एक. त्याला दोन्ही मिळाली, तुला एक. याची तू त्याच्याकडे भरपाई करत नाहीयेस ना? रागावू नकोस. मीही तेच करत आलेय.

बंड्या काल विचारत होता, केस गेले तर परत कुरळेच येतील का. मला माहीत नव्हतं. तूच त्याला फोन कर. आणि तेव्हा त्या दोघांबद्दलही सांग, मी म्हटलं म्हणून नको, तुझं तूच सांग.

आई