‘काय जोयजे?’ असे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहायचे नाही, असे आपण बजावले आहे, म्हणून नुसते ‘ताई’ म्हणतो. आभार मानू नयेत असे मात्र आपण म्हटले नव्हते. गेल्या आठवड्यात आमच्या शेतकरी गटाच्या २१२ सभासदांची यादी, जिनिंगच्या काटापावत्या आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची पावसाची नोंद ही तिन्ही पहिल्यांदाच एका कागदावर शेजारी शेजारी छापून आली, आणि तेव्हापासून मला गप्प बसवत नाही.

अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात हिशेब लिहिणाऱ्या ४७ वर्षांच्या माणसाने प्रोग्रॅमिंग शिकायचे म्हटले की काय काय ऐकून घ्यावे लागते, ते मी आपल्याला कधी सांगितले नाही. आपल्याआधी एका क्लासला मी कापसाच्या पट्टीतले पैसे मोजले होते. तिथे तीन महिने परक्या देशाची आयती, धुतलेली आकडेवारी पडद्यावर फिरली, आणि मी माझी फाइल उघडली तेव्हा ‘आधी डेटा नीट करून आणा’ असे उत्तर मिळाले. तो नीट असता तर मी फी कशाला भरली असती? जुनी यादी शिवाजी फॉन्टमध्ये होती, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावांच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कडबा दिसे. नव्या यादीत कोणी ‘पाटील’ होते, कोणी ‘पाटिल’. खानदेशात आडनावावरून माणूस जुळवायला निघालो होतो, हा माझाही शहाणपणाच म्हणायचा.

आपण हसला नाहीत. आपण लॅपटॉप बाजूला सारलात, माझी हिशेबाची वही पुढे ओढलीत आणि अहिराणीत विचारलेत, ‘भाऊ, काय जोयजे?’, म्हणजे काय पाहिजे? एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. पाऊस कमी पडलेल्या मंडळातल्या सभासदांचा कापूस किती क्विंटल आला ते पाहिजे, असे मी चाचरत सांगितले. आपण तेच वाक्य वहीत लिहिलेत, त्यातल्या तीन तुकड्यांखाली रेघा मारल्यात, काय, कुठून, कोणाचे. आणि त्या रेघांखाली सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर असे एसक्यूएलचे, म्हणजे तक्त्यांतली माहिती विचारून काढायच्या भाषेचे, शब्द लिहून पेन्सिल माझ्या हातात दिलीत. पुढची ओळ मी लिहीपर्यंत आपण काही बोलला नाहीत, की कीबोर्डलाही हात लावला नाहीत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचारावर ही भाषा उभी आहे आणि काय हवे तेवढेच तिला सांगायचे, कसे शोधायचे ते तिचे तिने पाहायचे, हे आपण नंतर समजावलेत. मला ते त्या पेन्सिलीनेच कळले होते.

दोन तक्ते जोडले की आधी ओळी मोजायच्या, ही सवयही आपलीच. पहिल्या जोडणीत २१२ माणसे आत गेली आणि १९८ बाहेर आली. बाकीचे १४ गेले कुठे, हे आपण विचारले नसते तर मी यादी तशीच छापली असती. लेफ्ट जॉइन, म्हणजे पहिल्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी, केल्यावर ते १४ जण रिकाम्या रकान्यांसह समोर उभे राहिले. त्यांतल्या ११ जणांचा गट क्रमांक एक्सेलने तारीख समजून बदलून टाकला होता. ८/२ चा झाला होता ८ फेब्रुवारी. सातबारा लिहायला गेलो तर ७ डिसेंबर करणाऱ्या यंत्राकडून वेगळी अपेक्षा तरी काय ठेवणार!

उरलेल्या तिघांची पावतीच नव्हती. मी तिथे शून्य भरणार होतो. माहीत नसणे आणि शून्य असणे यांत फरक आहे, असे सांगून आपण थांबवलेत. शिकवणारे पुष्कळ भेटतात, ताई, पण समोरच्याच्या वहीला मान देणारे फार थोडे, आणि माझ्यासारख्याची अर्धी भीती त्या मानानेच जाते.

त्या तिघांतल्या एका आजींकडे मी परवा जाऊन आलो. त्यांनी कापूस खेडा खरेदीवाल्याला घरूनच दिला होता, म्हणून पावती नाही. तशी नोंद आता वेगळ्या रकान्यात केली आहे. हा सगळा उपद्व्याप कोणामुळे झाला, असे त्यांनी विचारले, तेव्हा आपल्याविषयी सांगितले. चंपाषष्ठीला भरीत आणि कळण्याची भाकरी त्यांच्याकडे आहे, आणि आपल्याला घेऊन यायचे काम माझ्याकडे.

आपला नम्र,
गटाचा हिशेबनीस