मुखत्यारपत्र चालतं की नाही, एकदाचं सांगा

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली.

सा. न. वि. वि.

नाशकातल्या एका बँक शाखेने गेल्या आठवड्यात गृहकर्ज मंजूर केलं. अर्जदाराच्या वतीने मुखत्यार सह्या करील, असं मंजुरीपत्रात स्वतःच छापलं आणि सह्यांच्या दिवशी तेच मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, परत केलं. कारण? "आमच्या फॉरमॅटमध्ये नाही." अर्जदार देवळालीहून सीमेवर गेलेला जवान, सह्या करणारी त्याची बायको. फॉरमॅट आधीच द्यायला काय मुहूर्त लागतो का?

"सर्व बँक व्यवहार करावेत" एवढ्या एका वाक्यावर कर्ज निघत नाही, हे आम्हालाही कळतं. कर्ज काढायचा आणि मिळकत गहाण ठेवायचा अधिकार कागदात स्पष्ट लिहिला नसेल तर न्यायालय तो गृहीत धरत नाही. म्हणून बँकेचं नाव, कर्जाची कमाल रक्कम, गट नंबर, फ्लॅट नंबर, कर्जाचा करारनामा, प्रॉमिसरी नोट (पैसे फेडायचं लेखी वचन), मूळ दस्त बँकेत ठेवून गहाण, बिल्डरला रक्कम अदा करायची सूचना, सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. एक कलम राहिलं की जवानाने पुन्हा रजा काढायची. अर्जदार परदेशात असेल तर वकिलातीत पुन्हा तारीख घ्या, कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक भरा. त्यात पुढच्या शाखेचा फॉरमॅट निराळा!

आता सह्यांचं. बायकोने नवऱ्याची सही गिरवायची नसते. "अमुक यांच्यातर्फे मुखत्यार" असं लिहून खाली स्वतःची सही करायची, प्रत्येक पानावर. गृहकर्जाच्या गठ्ठ्यात अशा साठ-सत्तर सह्या सहज होतात, कधी मोजून बघा. अधिकारी पेन्सिलीने फुल्या मारत जातो, "इथं, इथं, इथं." छापील रकाना जेमतेम दीड इंचाचा, त्याखाली फक्त 'कर्जदार'. मुखत्याराचे शब्द लिहायचे कुठे? आणि प्रॉमिसरी नोटेवर तेच शब्द राहिले तर 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 28 सही करणारीलाच देणेकरी ठरवू शकतं. म्हणजे तुमच्या रकान्याच्या कंजुषीपायी घरातली बाई कर्जाला अडकायची. शिक्का करून द्या ना, दोनशे रुपयांत होतो.

बँकेची एक भीती मात्र खरी आहे. अधिकार देणारा वारला की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारी संपते, शिवाय कागद मध्येच रद्दही केलेला असू शकतो. त्यासाठी मुखत्याराचं शपथपत्र घ्या, सह्यांच्या वेळी मूळ माणसाशी व्हिडिओवर बोला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्येच व्हिडिओवरून ओळख पटवायला मुभा दिली आहे. खातं उघडून ठेवी गोळा करताना ती बरोबर आठवते.

शाखेत हल्ली सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या सूरज लॅम्प निकालाचा मंत्र जपतात. तो निकाल मुखत्यारपत्राच्या आडून होणाऱ्या मिळकत विक्रीबद्दल आहे. नवरा, बायको, मुलगा, भाऊ यांना व्यवहारासाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारीला बाधा येत नाही, हे त्याच निकालात लिहिलं आहे. वाचतंय कोण? नोटा, पासपोर्ट आणि मुद्रांक आमच्या नाशिकरोडला छापायचे आणि आमच्याच माणसाच्या मुद्रांकावरच्या सहीवर विश्वास ठेवायचा नाही, ही तुमची व्यवस्था. मोठ्या थकबाकीदारांची कर्जं निर्लेखित करताना (म्हणजे हिशेबातून काढून टाकताना) फॉरमॅट कुठला लागतो, तेही एकदा जाहीर करून टाका.

मागणी एवढीच: कर्जासाठीच्या मुखत्यारपत्राचा एकच मसुदा सगळ्या बँकांना लागू करा, तो अर्ज घेतानाच हातात द्या आणि नकार द्यायचा तर लेखी, कलमासकट द्या. "साहेब नाही म्हणाले" हे कलम कुठल्याच कायद्यात सापडलं नाही.

कळावे,
नाशिकचा एक दस्तलेखक