गीतरत्न आणि पौलाचा सातवा अध्याय

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

धर्म आणि प्रेम या विषयावर आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या लेखाचा सूर असा होता, की ख्रिस्ती शास्त्र स्त्री-पुरुषांच्या प्रेमाकडे पाप म्हणूनच पाहते. त्याला आधार म्हणून बायबलच्या नव्या करारातले, संत पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांस, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्रातले एकच वाक्य दिले होते : पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे. वाक्य त्या पत्रात आहे हे खरे, पण ते मुळात कोणाचे, हे लेखकाने पाहिलेले नाही. पत्राचा सातवा अध्याय सुरूच होतो तो, तुम्ही मला ज्या गोष्टींविषयी लिहिले त्यांविषयी, अशा शब्दांनी. म्हणजे पौल तेथे करिंथच्या मंडळीकडून (तिथल्या ख्रिस्ती समुदायाकडून) आलेल्या पत्राला उत्तर देत आहे, आणि हे वाक्य त्या मंडळीतल्या कडव्या विरक्तांचे असून त्याने ते मुरड घालण्यासाठी उचलले आहे, असे आज अनेक अभ्यासक मानतात. (प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नसत, त्याचा हा जाच.)

पुढच्याच वचनांत पौल म्हणतो की, पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा आहे. करिंथसारख्या रोमन वसाहतीतल्या एखाद्या घरधन्याला पहिल्या शतकात हे ऐकवणे साधी गोष्ट नव्हती. एकमेकांपासून दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने, काही काळापुरते आणि प्रार्थनेसाठी, अशी त्याची अट आहे; आणि कुमारिकांविषयी आपल्यापाशी प्रभूची आज्ञा नाही, आपण केवळ मत देतो, हेही तो आडपडदा न ठेवता लिहितो. तरीही पौलाला प्रेमाचा कैवारी ठरवण्याइतके धाडस माझ्यात नाही. लग्न करून देणारा बरे करतो, न देणारा अधिक बरे करतो, ही उतरंड त्याच अध्यायात आहे, आणि काळ थोडा उरला आहे, ही त्याची धारणा तिच्या मुळाशी आहे.

लेखात बायबलच्या जुन्या करारातल्या गीतरत्न या प्रेमकाव्याचा उल्लेखही नव्हता, याचे मला अधिक आश्चर्य वाटले. आठ अध्यायांच्या या काव्यात लग्नाचा उपदेश नाही की संततीची चिंता नाही. पाचव्या अध्यायात रात्री प्रियकर दार ठोठावतो, ती म्हणते की, मी वस्त्र उतरवले आहे, पाय धुतले आहेत, आता ते पुन्हा कसे मळवू. मग उठते, तेव्हा तिच्या बोटांवरचा गंधरस कडीवर ठिबकतो, पण दार उघडेपर्यंत तो निघून गेलेला असतो. त्याला शोधत ती नगरात फिरते, तर पहारेकरी तिला मारतात आणि तिचा शेला हिसकावून घेतात. एवढी उत्कट नायिका यरुशलेमेच्या कन्यांना मात्र तीन वेळा शपथ घालते, की प्रेमाची इच्छा होईपर्यंत त्याला जागे करू नका. संयमाचा हा शब्द कोणा धर्मगुरूचा नाही, प्रेमात आकंठ बुडालेल्या स्त्रीचा आहे, आणि माझ्या मते लेखाला उत्तर म्हणून तोच पुरेसा आहे.

पुढच्या शतकांत चर्चने या काव्याला रूपकाच्या शेल्यात गुंडाळले, हे नाकारता येत नाही. ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात वधू म्हणजे मंडळी किंवा आत्मा, असा अर्थ लावला, आणि बाराव्या शतकातल्या बर्नार्ड या मठाधिपतीने त्यावर ८६ प्रवचने केली, तरी त्याची मजल तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंतच गेली. त्याच शतकात, ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने (पाश्चात्त्य चर्चच्या धर्मसभेने) धर्मगुरूंचे विवाह रद्दबातल ठरवले. अविवाहित राहण्याची, पौलाने मत म्हणून सांगितलेली गोष्ट पाश्चात्त्य चर्चमध्ये धर्मगुरूंपुरती कायदा झाली. येशूचा शिष्य पेत्र याला सासू होती, हे मार्काच्या शुभवर्तमानात लिहिलेले असूनही.

आमच्याकडे लग्नविधीत बहुधा त्याच पत्राचा तेरावा अध्याय, प्रीती सहनशील आहे, हा वाचला जातो. सहा अध्याय मागचा सातवा कोणी उघडत नाही. काही महिन्यांपूर्वी एका नवरीने मात्र गीतरत्नाचा आठवा अध्याय सुचवला होता. प्रेम मरणासारखे प्रबळ आहे, या वचनापर्यंत येताना वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आवाज एकदम खाली आला आणि पहिल्या बाकावरची मंडळी पुढे वाकून ऐकू लागली.

आपला,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर